दुपारची गोळी : दहिसरजवळच्या एका वृद्धनिवासातल्या अपघाताचा अभ्यास

रजिस्टरच्या त्या पानावर सकाळी सहाच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘झोपल्या आहेत. व्यवस्थित.’ सहाला आजी अ‍ॅम्ब्युलन्समध्ये होत्या. ५ वाजून १० मिनिटांनी त्या आपल्या खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर सापडल्या, तेव्हा उजवा पाय डाव्यापेक्षा आखूड दिसत होता आणि पाऊल बाहेरच्या बाजूला कललं होतं. एवढं बघितलं की एक्स-रेची वाट बघावी लागत नाही. खुब्याचं हाड मोडलेलं असतं.

हे पान आठवड्याभराने माझ्यासमोर आलं. मी महापालिकेच्या एका रुग्णालयातून मेट्रन म्हणून निवृत्त झाले. अधूनमधून कुणी बोलावलं तर जाते, कागद वाचते, कर्मचाऱ्यांशी बोलते. या वेळी बोलावणाऱ्यांत आजींची मुलगी होती आणि ते केंद्र चालवणारे गृहस्थही होते. दोघांचा एकमेकांवरचा विश्वास उडाला होता. मी दोघांनाही सारखीच परकी, म्हणून चालले. इथे लिहिते आहे ते दोघांच्या परवानगीने आणि कुणाची ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून.

जागा दहिसर-बोरिवलीच्या पट्ट्यात, रुळांपासून फार लांब नाही. कुण्या कुटुंबाचा जुना बंगला, तळमजला आणि वर एक मजला, एकूण २२ खाटा. महिन्याला ३५ हजार, डायपर आणि औषधं वेगळी. मुंबईत ‘नर्सिंग होम’ म्हटलं की गल्लीतलं बाळंतपणाचं किंवा अपेंडिक्सचं छोटं हॉस्पिटल डोळ्यांपुढे येतं, आणि ‘वृद्धाश्रम’ म्हटलं की मुलांनी टाकलेली माणसं. ही जागा या दोन्हींत बसत नाही. नाकात नळी असलेले, कॅथेटर म्हणजे लघवीची नळी लावलेले, डिमेन्शिया झालेले आणि घरात दिवसभर कुणी नसतं एवढ्याच कारणाने आलेले, असे सगळे एका छपराखाली. टू-बीएचकेत फाउलर खाट (डोक्याकडून-पायाकडून वर होणारी), एअर मॅट्रेस, ऑक्सिजनचं यंत्र आणि दोन पाळ्यांतल्या मावशी बसत नाहीत, हे ज्यांनी करून बघितलंय त्यांना अशी जागा का लागते ते सांगायला नको.

संचालक लबाड माणूस नव्हेत, हे आधीच सांगून टाकते. स्वतःच्या आईला कुठे ठेवावं हे कळेना म्हणून त्यांनी हे सुरू केलं. मी गेले त्या दिवशी त्यांनी सगळ्यात आधी बाथरूम दाखवलं. स्टीलचे दांडे, खरखरीत टाइल्स, उंच कमोड, रात्रभर चालू राहणारा दिवा. सगळं होतं. मुलीचाही रोख तिकडेच होता. ती दर चार वाक्यांनी विचारायची, ‘मला एवढंच सांगा, फरशी ओली होती का?’ या प्रश्नावर दोघांनी आठवडाभर वाद घातला होता. त्यांनी टाइल्सची बिलं काढली, तिने पॅसेजमधल्या पोछ्याच्या बादलीचा फोटो काढला.

फरशी कोरडी होती. आजी बाथरूमपर्यंत पोचल्याच नव्हत्या.

मी डिस्चार्ज कार्ड मागितलं. आजी ८१ वर्षांच्या. पडण्याच्या तीन आठवडे आधी फुप्फुसात पाणी झालं म्हणून हॉस्पिटलात होत्या, हृदयाचा पंप कमजोर. कार्डावर बीपीच्या गोळीखाली लघवीची गोळी होती, फ्रुसेमाइड, आणि तिच्यापुढे १-१-०. हे आकडे आपल्याकडे शाळकरी पोरालाही कळतात. सकाळी एक, दुपारी एक, रात्री नाही. त्यातलं शेवटचं शून्य उगाच नसतं. ही गोळी घेतल्यावर तासाभरात लघवी सुरू होते आणि पाच-सहा तास चालते. आम्हाला शिकवताना सिस्टर ट्यूटर सांगायच्या की लॅसिक्स (याच गोळीचं बाजारातलं नाव) म्हणजे ‘लास्ट्स सिक्स’, सहा तास टिकते. म्हणून दुसरी गोळी दुपारी दोन-चारच्या दरम्यान द्यायची, म्हणजे रात्री माणूस झोपतो.

केंद्राच्या औषधतक्त्यावर त्याच गोळीपुढे होतं १-०-१.

नक्कल करताना चुकलं असेल, असं मला वाटलं. तक्ता लिहिणाऱ्या सिस्टरना विचारलं तर त्या अजिबात गडबडल्या नाहीत. ‘चूक नाही ती, मॅडम. आपल्याकडे दुपारचा राउंडच नाही.’

सिस्टर जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा झालेल्या, कामाला चोख. सकाळी आठ ते दोन इथे, मग एका दवाखान्यात. संध्याकाळी सातला एक ब्रदर येतो, नऊला जातो. गोळ्या वाटण्याच्या वेळा म्हणून दोनच, नाश्त्यानंतर आणि रात्रीच्या जेवणानंतर. मधल्या वेळची जी गोळी असेल ती इकडे नाही तर तिकडे सरकते. मी सगळे २२ तक्ते काढून बसले. तीन वेळची अँटिबायोटिक दोन वेळची झाली होती, दुपारची कॅल्शियमची गोळी रात्रीच्या थायरॉइडच्या शेजारी जाऊन बसली होती. लिहून देणाऱ्या डॉक्टरांना हे ठाऊक नव्हतं, पैसे भरणाऱ्या मुलांना नव्हतं, आणि सिस्टरना त्यात विशेष काही वाटत नव्हतं, कारण त्या आल्या तेव्हापासून हे असंच होतं. गंमत म्हणजे दुपारी साडेतीनला स्वयंपाकाच्या ताई प्रत्येक खाटेपाशी चहा-बिस्किट घेऊन जात होत्याच. दुपारी प्रत्येकापर्यंत एक माणूस पोचत होतं, फक्त त्याच्या हातात गोळी नव्हती.

आता पुढचा दुवा बघा. रात्री साडेआठला लघवीची गोळी गेली की आजी रात्रीतून तीन-चारदा उठायच्या. रात्रीच्या मावशींनी सकाळी सांगितलं, ‘आजी झोपत नाहीत, सारख्या उठतात.’ सिस्टरनी ते आठवड्यातून एकदा येणाऱ्या डॉक्टरांना फोनवर सांगितलं. डॉक्टरांनी फोनवरच अल्प्राझोलाम ०.२५ सांगितली, रात्री एक. झोपेची गोळी रात्रीची असल्याने तिच्या वेळेत मात्र काही अडचण आली नाही.

एका औषधाचा परिणाम हाच नवा आजार समजून त्यावर दुसरं औषध सुरू होणं, याला वृद्धोपचारात ‘प्रिस्क्रायबिंग कॅस्केड’ म्हणतात. पॉला रोशन आणि जेरी गुरविट्झ या दोघांनी १९९०च्या दशकात त्यावर लिहिलं. त्याच्याही आधी, १९९१मध्ये, अमेरिकेतल्या मार्क बिअर्स या डॉक्टरांनी वृद्धांना देताना टाळायच्या औषधांची एक यादी केली, आणि ती पहिल्यांदा केली ती नर्सिंग होममध्ये राहणाऱ्यांसाठीच. आज त्या यादीत अल्प्राझोलामचा सगळा गट आहे, आणि कारणांमध्ये पडणं आणि हाड मोडणं स्पष्ट लिहिलेलं आहे. तेव्हा त्या रात्री आजींच्या पोटात काय होतं? उठायला लावणारी एक गोळी, उठल्यावर तोल जाऊ देणारी दुसरी, आणि बीपी उतरवणारी तिसरी.

बीपीचा तक्ता मात्र सुंदर होता. रोज सकाळी १३०-८०च्या आसपास. सगळी मापं झोपलेल्या अवस्थेतली. उभं केल्यापासून तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २०ने किंवा खालचा १०ने उतरला तर तो माणूस रात्री उठताना कोसळू शकतो, हे तपासायला बीपीच्या त्याच मशीनला आणखी तीन मिनिटं लागतात. आजींना उभं करून बीपी एकदाही घेतलं गेलं नव्हतं, त्यामुळे त्यांचं उतरत होतं की नाही हे आता कुणीच सांगू शकत नाही.

खाटेकडे येते. मुलीने काळजीपोटी एअर मॅट्रेस आणून दिली होती, बेडसोर होऊ नये म्हणून. केंद्राने ती नेहमीच्या गादीवर अंथरली. खाट जुनी, पाय ठरावीक उंचीचे. मी त्या खाटेच्या कडेला बसून बघितलं. माझी पावलं जमिनीला टेकत नव्हती, आणि आजी माझ्याहून बुटक्या. गादी वर चढली तशी कठड्यांची उंची आपोआप कमी झाली. पडू नये म्हणून दोन्ही बाजूंचे कठडे रात्री वर केले जायचे, आणि लघवीला लागलेलं माणूस कठडा वर आहे म्हणून पडून राहत नाही. ते पायथ्याकडच्या मोकळ्या जागेतून सरकतं. कठडा नसता तर आजी पलंगाच्या उंचीवरून पडल्या असत्या. कठड्यामुळे त्या एका पायावर वळत, आधार नसताना, झोपेच्या गोळीच्या अमलात पडल्या. कठडा हे बांधून ठेवण्याचंच साधन आहे, हे आपल्याकडे फारसं कुणी मान्य करत नाही. त्याच दुपारी वरच्या मजल्यावर एका काकांना खुर्चीला ओढणीने बांधलेलं मी पाहिलं. ‘मऊ आहे हो मॅडम, लागत नाही.’ अमेरिकेत कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी असं बांधण्याला १९८७च्या कायद्याने मनाई केली, आणि ती मनाई यायलाही अनेक वर्षांचा गोंधळ लागला होता. आपल्याकडे ओढणीचा मऊपणा पुरतो.

पण आजी किती वाजता पडल्या? हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, कारण रजिस्टर सांगत होतं की चार वाजता झोपल्या होत्या. त्यावर सहाच्या खोट्या नोंदीने आधीच पाणी फिरवलं होतं. वेळ कळणं गरजेचं असतं. तासाभरापेक्षा जास्त जमिनीवर पडून राहिलं तर दबलेल्या स्नायूंचा नाश होऊन मूत्रपिंडावर ताण येतो, अंग गार पडतं, पाठीच्या आणि टाचेच्या कातडीला इजा होते. आजींच्या कमरेच्या माकडहाडापाशी लाल चट्टा होता, बोटाने दाबला तरी पांढरा न पडणारा. तो ऑपरेशनपूर्वीच हॉस्पिटलच्या कागदावर नोंदवला गेला होता.

खोलीत दुसरी खाट होती. तिच्यावर दादरच्या एका शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका, ज्यांना सगळे ‘बाई’ म्हणतात. ‘त्यांना काही आठवत नाही, मॅडम,’ मला तिघांनी सांगितलं. बाईंना आज कोणता वार हे खरंच सांगता येत नव्हतं. मी त्यांच्याशी तासभर बोलले. बराचसा वेळ त्यांनी मला शुद्धलेखनावरून बोल लावले. मग मध्येच म्हणाल्या, ‘ती आई गं म्हणाली. मी घंटी दाबली. कुणी आलं नाही. गाड्या नव्हत्या.’

गाड्या म्हणजे लोकल. खिडकीतून त्यांचा आवाज येतो. रात्रीची शेवटची लोकल बोरिवलीला पोचते दोनच्या सुमारास, आणि पहाटेची पहिली वाजू लागते पावणेचारच्या आसपास. मधला काळ तेवढा शांत. म्हणजे आजी पावणेचारच्या आधी पडल्या आणि कमीत कमी सव्वा तास जमिनीवर होत्या. घंटी बाईंनी खरंच दाबली असेल, कारण तिचं बटण त्यांच्या उशाशी होतं. ही बाजारात मिळणारी साधी बिनतारी डोअरबेल, तिचा वाजणारा डबा खालच्या स्वयंपाकघरात लावलेला. मावशी वर असल्या तर ऐकू येत नाही.

मावशी वर का होत्या, हे बघायला मी एक रात्र तिथे बसले. हे मी नेहमी करते आणि माझ्या मते या कामात दुसऱ्या कशाचाही इतका उपयोग होत नाही. तपासणीला येणारे सकाळी अकराला येतात. नातेवाईक रविवारी संध्याकाळी येतात. रात्री एक ते पाचमध्ये ही घरं कशी चालतात ते फक्त मावशींना माहीत असतं.

रात्रपाळीला दोन मावशी, दोघी मावशी पुरवणाऱ्या ब्युरोच्या, दोघी नालासोपाऱ्याच्या. पाळी आठ ते आठ. पाऊस असला की विरार गाड्या रडतात, मग दिवसाच्या मावशी फाटकापाशी चप्पल घालून उभ्या असतात आणि चार्ज तिथेच दिला जातो. ‘वरच्या काकांना मोशन झालं नाही, बाकी सगळं तेच.’ बस. आजी पडल्या त्या रात्री, त्यांना तीन दिवसांपूर्वी झोपेची गोळी सुरू झाली आहे, हे या दोघींना कुणी सांगितलेलंच नव्हतं.

वर सहा जण पूर्ण अंथरुणाला खिळलेले. दर दोन तासांनी कूस बदलायची, असा भिंतीवर कागद. एका माणसाची कूस बदलायला दोघी लागतात. मी घड्याळ लावलं. डायपर बघणं, पुसणं, क्रीम, खाली अंडरपॅड, पाठीला उशी. सगळ्यात हलक्या आजोबांना सात मिनिटं, कॅथेटरवाल्या आजींना चौदा. सहा जणांचे मिळून ६५. म्हणजे दर १२० मिनिटांतली ६५ मिनिटं दोन्ही मावशी वर. खालच्या मजल्यावर १२ माणसं, त्यातली बरीच चालती, आणि चालती म्हणूनच पडू शकणारी. उरलेल्या ५५ मिनिटांत खालच्यांना लघवीला नेणं, युरीन बॅग रिकाम्या करणं, चादरी मशीनला लावणं, आणि चारनंतर चहाचं आधण. हिशेब मांडून मी संचालकांना दाखवला. तुमच्या नियमाप्रमाणे काम झालं, तर अर्ध्याहून जास्त रात्र खालचा मजला बेवारस असतो. नियम पाळला नाही तर बेडसोर होतात.

म्हणून रजिस्टर. मावशींना मी विचारलं तेव्हा थोरलीने सरळ सांगितलं, ‘मॅडम, रकाने छापलेले आहेत. दोन, चार, सहा. रिकामा रकाना दिसला की पगार कापतात. मग आम्ही रात्री बाराला चहा घेताना सगळे भरून टाकतो.’ पगार खरंच कापला जात होता का, यावर संचालक आणि त्यांच्यात एकमत नव्हतं, पण भीती खरी होती. मुलीला त्या बाईवर पोलिसात जायचं होतं. माझं मत तेव्हाही वेगळं होतं आणि आजही आहे. छापील वेळा दिल्या की माणूस वेळेत बसेल असं लिहितो. ते पान मावशींनी लिहिलं, पण खोटं लिहायला भाग पाडणारा साचा वरून आला होता.

अ‍ॅव्हेडिस डोनाबेडियन या बैरूतमध्ये जन्मलेल्या डॉक्टरांनी अमेरिकेत १९६६मध्ये आरोग्यसेवेचा दर्जा तीन जागी बघायचा म्हणून सांगितलं. रचना, प्रक्रिया, परिणाम. टाइल्स, दांडे, खाटा ही रचना. ती दिसते, तिचे फोटो निघतात, त्यामुळे मालक तिच्यावर खर्च करतात आणि मुलं ती बघून डिपॉझिट भरतात. प्रक्रिया म्हणजे रात्री पावणेतीनला कोण कुठे आहे. ती दिसत नाही म्हणून कागदावर आणली जाते, आणि कागदावर आली की अनेकदा ती कागदाचीच होऊन बसते.

संचालकांना मी परवान्याबद्दल विचारलं, तर त्यांनी ट्रस्टची नोंदणी दाखवली. शुश्रूषागृह म्हणून नोंदणी नव्हती. त्यांचं म्हणणं, एका कचेरीत सांगतात हा वृद्धाश्रम आहे, आमच्याकडे येत नाही, आणि दुसरीकडे सांगतात तुम्ही नळ्या घालता, तुम्ही वैद्यकीय. कोणी काय सांगितलं ते मी पडताळलेलं नाही. कायदा मात्र मी वाचलेला आहे. १९४९चा शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, जो पूर्वी मुंबईच्या नावाने होता आणि आता महाराष्ट्राच्या, त्याच्या व्याख्येत आजारी आणि जखमींबरोबर अशक्त, पंगू झालेल्यांचा उल्लेख आहे. अशा माणसांना ठेवून घेऊन उपचार आणि शुश्रूषा देणारी जागा म्हणजे शुश्रूषागृह. ज्या घरात नाकातल्या नळीने जेवण दिलं जातं आणि कॅथेटर बदलला जातो, त्याने आपण फक्त वृद्धाश्रम आहोत असं म्हणणं मला पटत नाही. नोंदणी करायला हवी, हे मी त्यांना लेखी दिलं.

दुसऱ्या बाजूने २००७चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांचा चरितार्थ व कल्याण कायदा येतो. लोकांना तो मुलांकडून पोटगी मिळवायचा आणि फसवून घेतलेलं घर परत मिळवायचा म्हणून माहीत आहे. त्याच्या १९व्या कलमात सरकारने प्रत्येक जिल्ह्यात निदान १५० निराधार ज्येष्ठांसाठी वृद्धाश्रम काढावा आणि तिथले दर्जाचे निकष ठरवावेत, अशी तरतूद आहे. महिना ३५ हजार घेणारं खासगी केंद्र त्यात बसत नाही. अशा केंद्रांची आणि घरी मावशी पुरवणाऱ्या ब्युरोंचीही नोंदणी करावी, किमान निकष लावावेत, असं एक दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९मध्ये लोकसभेत आलं होतं. २०२४मध्ये लोकसभेची मुदत संपली आणि ते पडलं. त्याची बातमी कुणाच्या लक्षात राहिली नाही. मला राहिली.

आगीचं मी स्वतःहून काढलं. नातेवाईकांच्या बैठकीत त्यावर कुणी प्रश्न विचारला नव्हता. अंथरुणाला खिळलेले सहा जण वर, जिना अरुंद, वळणावर स्ट्रेचर वळत नाही, लिफ्ट नाही. आणायचं तर सतरंजीत घालून आणायचं. जिन्याखाली ऑक्सिजनचे दोन सिलिंडर. खिडक्यांना बाहेर आलेल्या जाळ्या, मुंबईतल्या प्रत्येक इमारतीला असतात तशा. एक आजोबा रात्री बाहेर निघून जातात म्हणून मुख्य दाराला कुलूप, किल्ली थोरल्या मावशीच्या कमरेला. जानेवारी २०२१मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागून १० बाळं गेली, आणि त्याच मार्चमध्ये भांडुपला मॉलमधल्या रुग्णालयापर्यंत आग पोचली. दोन्हीकडे आत होती ती स्वतःहून चालत बाहेर येऊ न शकणारी माणसं. राज्याचा आग प्रतिबंधाचा २००६चा कायदा अग्निसुरक्षेची यंत्रणा नीट चालते असा दाखला दर जानेवारी आणि जुलैला द्यायला सांगतो. केंद्राकडे तो दाखला होता, अगदी वेळेवर घेतलेला. आग विझवायची नळकांडी भरलेली होती. ती कशी वापरायची ते रात्रीच्या मावशींपैकी एकीलाही माहीत नव्हतं.

न चालणारे वर आणि चालणारे खाली, असं का? सगळीकडे याच्या उलट हवं. संचालक थोडे थांबले, मग म्हणाले, ‘बघायला येणारे लोक खालीच बसतात हो. आल्या आल्या नळ्या, वास... माणूस परत येत नाही.’ या एका उत्तरासाठी मी त्यांची आभारी आहे. दुसऱ्या कुणी मला काहीतरी इमारतीचं कारण सांगितलं असतं.

पुढे काय झालं ते थोडक्यात. खिळलेले सहा जण खाली आले, आणि घंटीचा डबाही आता मावशी असतात तिथे आला. त्या सहा जणांच्या कातडीची आणि जोखमीची तपासणी करून, चांगल्या फोमच्या गाद्यांवर असलेल्या तिघांची कूस रात्री तीन-चार तासांनी बदलायची ठरली. दोन तासांचा नियम आम्ही सगळ्या जणी मंत्रासारखा शिकलो, पण २०१३मध्ये अमेरिका-कॅनडातल्या नर्सिंग होम्समध्ये अशाच गाद्यांवर झालेल्या अभ्यासात दोन, तीन आणि चार तासांत फरक दिसला नव्हता. मला ते पचवायला वेळ लागला. कठडे एका बाजूचे, अर्धे. जादा गाद्या काढून खाटा खाली घेतल्या. रात्री उठणाऱ्यांच्या खाटेशेजारी कमोडची खुर्ची. झोपेच्या गोळ्या ज्यांना चालू होत्या, त्यांना डॉक्टरांनी पुन्हा तपासून त्या हळूहळू कमी केल्या. त्या एकदम बंद करायच्या नसतात.

दुपारच्या राउंडसाठी सिस्टरांची वेळ दहा ते चार करायची ठरली. त्यांचा दवाखाना तीनला उघडतो, म्हणून त्या सोडून गेल्या. चांगल्या सिस्टर गेल्या, याचं मला वाईट वाटतं आणि त्याला मी कारण आहे. नव्या आलेल्या एएनएम, म्हणजे जीएनएमहून छोटा कोर्स केलेल्या आहेत, अजून शिकताहेत.

तिसऱ्या मावशींवरून बैठक तापली. रात्री दहा ते सहा आणखी एक बाई, तिचा खर्च २२ जणांत वाटला तर घरटी हजार-बाराशे रुपये. तीन कुटुंबांनी नाही म्हटलं. एक गृहस्थ म्हणाले, आमच्या बाबांना तर उठताच येत नाही, ते कशाला पडतील, आम्ही का द्यायचे? आजींची मुलगी तेव्हा उठून उभी राहिली. ती काही बोलेल असं मला वाटलं होतं. ती खिडकीपाशी जाऊन उभी राहिली आणि बैठक संपेपर्यंत तिथेच होती. पैसे शेवटी सगळ्यांनी दिले, कुरकुरत.

आजींचं अर्धा खुबा बदलायचं ऑपरेशन तिसऱ्या दिवशी झालं, हृदयामुळे भूल द्यायला डॉक्टर थोडे थांबले. दोन महिने त्या डोंबिवलीला मुलीकडे होत्या, तिसरा मजला, लिफ्ट नाही, दिवसभर बंद दार. मग त्यांनीच परत जायचं म्हटलं. मुलगी मला फोनवर म्हणाली, ‘मी काय तोंडाने पाठवू?’ मी तिला काही सांगितलं नाही. पाठवलं तिनेच. आता वॉकर घेऊन चालतात. लघवीची गोळी साडेतीनच्या चहाबरोबर मिळते.

रजिस्टर नवं आहे. वेळा छापलेल्या नाहीत. मावशींनी खोलीत गेल्यावर भिंतीवरचं घड्याळ बघून स्वतः वेळ लिहायची, आणि राउंड चुकला तर चुकला म्हणून लिहायचं. महिनाभराने संचालकांचा घाबरा फोन आला. कुणी तपासायला आलं आणि असलं पान बघितलं तर? पान फाडू का? मी म्हटलं, मला फोटो पाठवा आणि फाडू नका. फोटो आला. १.२० राउंड झाला, सगळे झोपलेले. २.५५ राउंड झाला, बाईंना लघवीला नेलं. त्याखाली, दुसऱ्या शाईने, ‘४.००चा झाला नाही. पावसामुळे गाड्या बंद, तिसरी मावशी आलीच नाही. आम्ही दोघी काकांकडे होतो, उलटी झाली होती. आजींकडे ४.३५ला गेले. जाग्या होत्या. पाणी मागितलं, दिलं.’